सुरुवातीची दोन पाने आणि आठ गट : एका तक्त्याची चिकित्सा

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येक खेळाडूला प्रथम दोन पाने मिळतात. ५२ पानांतून दोन पाने १३२६ प्रकारे निवडता येतात. दोन्ही पाने एकाच चिन्हाची आहेत की वेगळ्या, एवढाच भेद धरला तर हे प्रकार १६९ उरतात. डेव्हिड स्क्लान्स्की व मेसन मॅल्मथ यांनी १९८८ मधील ‘होल्डेम पोकर फॉर ॲडव्हान्स्ड प्लेअर्स’ या पुस्तकात त्यांपैकी खेळण्याजोग्या प्रकारांचे आठ गट केले. हा तक्ता आजही नवशिक्यांना पाठ करायला दिला जातो. तो कितपत पुरेसा आहे?

तक्त्याचा गुण उघड आहे. नवशिका बहुधा हाती येईल ते खेळत सुटतो. तक्ता त्याला पाने टाकून द्यायला शिकवतो.

मर्यादा मात्र उदाहरणाने पाहू. पंजांची जोडी आणि वेगळ्या चिन्हांचे एक्का-दश्शी, हे दोन्ही सहाव्या गटात आहेत. पंजांच्या जोडीला पहिल्या तीन खुल्या पानांत तिसरा पंजा मिळण्याची शक्यता सुमारे ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. त्या एका वेळी बाकीच्या वेळांचे नुकसान भरून निघायला हवे; त्यासाठी समोर भरपूर पैसा लागतो. एक्का-दश्शीला मात्र थोडेच प्रतिस्पर्धी असलेले बरे. गट एक, पण खेळण्याचे कारण वेगळे. आणि तक्ता कारण सांगत नाही.

दुसरा मुद्दा संख्येचा. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातासमोर सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. नऊ हात शेवटपर्यंत राहिले, तर जेमतेम ३१ टक्के. पाने तीच, किंमत बदलली.

तिसरा मुद्दा संदर्भाचा. हे गट ठरावीक रकमेच्या बोलीच्या खेळासाठी होते. अमर्याद बोलीत एका चुकीने समोरची सर्व रक्कम जाऊ शकते.

येथे लेखकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. खेळाडू कितव्या क्रमांकावर बोलतो यानुसार कोणते गट खेळावेत, हे त्यांनी सविस्तर मांडले आहे. शिवाय पुस्तक अनुभवी खेळाडूंसाठी आहे, हे त्याच्या नावातच आहे. विवेचन मागे राहिले आणि तक्ता तेवढा पुढे गेला, हा खरा दोष.

म्हणून विद्यार्थ्यांनी तक्त्यातील प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न लिहावेत : माझ्यानंतर किती जण बोलणार आहेत? समोर किती पैसा आहे? हा हात नेमका कशाने जिंकेल? उत्तर नसेल, तर पहिल्या गटातील पानेही तोट्यात नेऊ शकतात.