स्वच्छ वहीचे गुण
अमेरिकेत १९७६ साली इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या प्रयोगशाळेची तपासणी सुरू झाली. चाचणीत मेलेल्या प्राण्यांच्या जागी नोंद न करताच नवे प्राणी ठेवल्याचं उघडकीला आलं. १९७८ मध्ये तिथे 'उत्तम प्रयोगशाळा पद्धती'चे नियम झाले. त्यानुसार चुकलेली नोंद पुसायची नाही. मूळ आकडा वाचता येईल असा ठेवून बदलाचं कारण, तारीख, सही करायची.

आपले आरोग्यविज्ञानाचे विद्यार्थी हे नियम पाठ करतात. कित्येक ठिकाणी वही मात्र कच्च्या कागदावरून सुवाच्य उतरवायची, शेजाऱ्याशी न जुळणारा आकडा 'दुरुस्त' करायचा! (शाळेत तरी वेगळं काय होतं?) आम्हाला वाटतं, गुण कच्च्या कागदाला द्यावेत. साहली पद्धतीने हिमोग्लोबिन मोजताना रंग डोळ्यांनीच जुळवायचा असतो. तरीही सगळ्या वर्गाचे आकडे तंतोतंत सारखे आले, तर परीक्षकाने तिथेच थांबून विचारायला हवं.