तबकडीवरील देवनागरी : तंजावरच्या संदर्भातील एक वाचन

मनगटी घड्याळाच्या रचनेचा विचार सामान्यतः तंत्रज्ञानाच्या वा अभिरुचीच्या इतिहासात केला जातो. परंतु तबकडी हे एक लिखित पृष्ठही असते. तिच्यावर कोणाचे नाव आहे व ते कोणत्या लिपीत आहे, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत येतो.

स्वातंत्र्यपूर्व भारतात प्रचलित असलेल्या फेवर ल्युबा, वेस्ट एंड यांसारख्या स्विस घड्याळांवर निर्मात्याचे नाव बहुधा रोमन लिपीत असे. 1961 मध्ये एचएमटी या सार्वजनिक उद्योगाने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचे उत्पादन सुरू केले. एचएमटीच्या 'जनता' या घड्याळाची रचना अनलंकृत आहे : गोल तबकडी, साधे काटे, चावीवर चालणारे यंत्र. त्याच्या काही तबकड्यांवर हे नाव देवनागरीत आढळते. वस्तूला वापरणाऱ्या समूहाचे नाव देणे आणि ते देशी लिपीत छापणे, यांतून नव्या प्रजासत्ताकाची आत्मप्रतिमा व्यक्त होते.

हीच तबकडी तंजावरच्या संदर्भात वाचली असता मात्र तिचा अर्थ दुभंगतो. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेने 1803 मध्ये कोरलेला भोसले वंशाचा इतिहास मराठी भाषेत व देवनागरी लिपीत आहे. 1855 मध्ये संस्थान खालसा झाले. मराठी दरबारातून ओसरली आणि मुख्यतः घरांत उरली. पुढे 1965 च्या हिंदीविरोधी आंदोलनाच्या काळात तमिळ प्रदेशात देवनागरीकडे केंद्रसत्तेची लिपी म्हणून पाहिले गेले. तंजावरच्या मराठी भाषकाच्या दृष्टीने ही एकच लिपी अशा रीतीने पूर्वजांची आणि परकी अशी दोन्ही ठरते.

शिलालेखात राजवंश स्वतःविषयी बोलतो. तबकडीवर राज्यसंस्था जनतेच्या नावाने बोलते. विषय बदलला, तरी बोलण्याचा अधिकार वरूनच येतो. म्हणून 'जनता' हे नाव लोकांनी धारण केलेले असले, तरी ते लोकांनी घेतलेले नव्हे, त्यांना दिलेले होते.

तथापि तबकडीवर आणखी एक वाचन संभवते. काट्यांची स्थिती समजण्यास कोणत्याही लिपीची गरज नसते. तमिळ, मराठी आणि निरक्षर अशा तिन्ही वाचकांना वेळ सारखीच कळे. नाव मात्र देवनागरी जाणणाऱ्यालाच वाचता येई. मध्य-विसाव्या शतकातील समतेची आकांक्षा व तिची मर्यादा ही दोन्ही या एका छोट्या वर्तुळात शेजारी शेजारी आढळतात. तंजावरच्या मराठीचा विचार केवळ हस्तलिखितांच्या वारशापुरता ठेवल्यास ही बाजू नजरेआड राहते.