परमुलखातील चव

न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातील फ्लशिंग हे ठिकाण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते ते तेथील गणपतीच्या देवळामुळे. १९७७ साली तेथे प्रतिष्ठापना झाली. अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणारी बडोद्याची मंडळी एकदा तरी तेथे जाऊन येतात, तसे आम्हीही गेलो. दर्शनानंतर देवळाच्याच उपाहारगृहात डोसा खाऊन परतायचे, हा तिथला रिवाज. तो मोडून आमच्या लेकीने आम्हांस वीस-पंचवीस मिनिटे चालवत मेन स्ट्रीटच्या बाजूला नेले आणि वायव्य चीनच्या पद्धतीच्या नूडल्स देणाऱ्या एका लहानशा दुकानात बसविले. हे टिपण त्या जेवणाविषयी आहे. मात्र 'अस्सल' ह्या शब्दाशी आमचे जे जुने भांडण आहे, ते त्या टेबलावर पुन्हा उभे राहिले नसते, तर वाचकांचा वेळ घेण्याचे कारण नव्हते.

दुकानाविषयी थोडक्यात सांगतो. सात-आठ टेबले, भिंतीवर पदार्थांची छायाचित्रे, काउंटरवर पैसे भरायचे आणि क्रमांक पुकारला की थाळी आपणच आणायची. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून प्रत्येक उपाहारगृहाला आरोग्यखात्याची श्रेणी दर्शनी भागी लावावी लागते. ह्या दुकानाला दुसरी श्रेणी मिळालेली होती. जन्मभर सरकारी तपासण्या केल्याने आमची नजर प्रथम त्या अक्षरावर गेली व आम्ही क्षणभर दारातच थबकलो. लेकीने हात धरून आत नेले.

आपल्या पिढीला 'चायनीज' म्हणून जे ठाऊक आहे, त्याचा चीनशी संबंध बेताचाच. 'चिकन मांचुरियन' हा पदार्थ नेल्सन वाँग ह्यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत तयार केला, असे सांगतात. कोबीचे 'मांचुरियन' हे त्याचेच शाकाहारी भावंड. वायव्य चीन म्हणजे शान्शी, कान्सू, छिंगहाय, निंगशिया, शिनच्यांग हा प्रदेश. कोरडा मुलूख, भाताऐवजी गहू, मेंढीचे मांस, व्हिनेगरची आवड आणि रेशीममार्गावरून आलेले मसाले. शेजारच्या टेबलावर मेंढीच्या मांसाची ताटली आली, तेव्हा भपकन वास आला तो जिऱ्याचा. चिनी भाषेत जिऱ्याला 'झरान' म्हणतात. हा शब्द उइघूर भाषेवाटे आला, आणि त्याचे आपल्या जिऱ्याशी नाते आहे, हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ नको.

देवदर्शन करून आलेलो असल्याने आम्ही शाकाहारी पदार्थच मागविले. पहिला 'ल्यांगफी'. कणीक मळून पाण्यात धुवायची, पांढरे पाणी ठेवून द्यायचे, वरचे निवळ ओतून टाकायचे, तळाशी बसलेला साका पसरट थाळीत पातळ ओतून वाफवायचा आणि त्या पारदर्शक चकतीच्या पट्ट्या कापायच्या. लेक हे सांगत असतानाच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे हा कुरडयांचा चीकच की!" त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, चीक काढतो, शिजवतो, सोऱ्यातून पाडून वाळवतो. ते वाफवून थंडच खातात. एक फरक मात्र आमच्या गृहस्थधर्माला लाजविणारा आहे. आपल्याकडील चोथा पुष्कळदा गुरांपुढे जातो, तर त्यांच्याकडे कणीक धुतल्यावर उरणारा चिवट गोळा वाफवून, जाळीदार तुकडे करून त्याच वाडग्यात येतो. वरून काळे व्हिनेगर, लसणाचे पाणी, मिरचीचे तेल, काकडी आणि मोड आलेली कडधान्ये. मऊ पट्ट्या जिभेवरून घसरतात, आणि आंबट-तिखट रस शोषून बसलेले ते तुकडे दाताखाली येतात. उन्हाळ्याच्या दुपारी ह्याहून चांगले काही खाल्ल्याचे आम्हांस आठवत नाही.

दुसरा पदार्थ 'ब्यांगब्यांग'. कणकेचा गोळा ताणून ओट्यावर आपटतात, त्या आवाजावरून हे नाव पडले, असे म्हणतात. पट्टे खरोखरच कमरपट्ट्याएवढे रुंद. ह्या नावाचे चिनी अक्षर पन्नासाहून अधिक रेघांचे आहे. संगणकाच्या युनिकोड संचात त्याला २०२० साली जागा मिळाली. उकडलेल्या पट्ट्यांवर तिखट आणि लसूण घालून वरून कडकडीत तेल ओततात. त्या चर्र आवाजाला आपण फोडणीखेरीज दुसरे काय म्हणणार?

दोष सांगितले नाहीत तर परीक्षण अपुरे राहील. हे रुंद पट्टे मधोमध उत्तम, पण टोकाशी कच्चट होते. वाडग्याच्या तळाशी तेलाचा थर साचला होता. पदार्थांची इंग्रजी नावे इतकी ओबडधोबड, की लेक बरोबर नसती तर आम्ही उपाशी उठलो असतो. आणि रस किंचित गोड होता.

ह्या गोडव्यावरूनच वाद निघाला. जावईबापू म्हणाले, "माझा एक सहकारी शीआनचा आहे. तो म्हणतो, हे अस्सल नव्हे. गावाकडे असे गोड नसते." आम्ही हातातल्या काड्या खाली ठेवल्या. अनेक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका विद्वान पाहुण्यांना आम्ही मोठ्या हौसेने बडोद्याची सेव-उसळ खाऊ घातली होती. दोन घास झाल्यावर ते हसून म्हणाले होते, "छान आहे, पण ह्याला उसळ म्हणत नाहीत." वाक्य साधेच होते. पण पाच पिढ्या बाहेर राहिलेल्या घराला ते वेगळे ऐकू येते. उसळीनंतर आपल्या भाषेची आणि मग आपली पाळी येते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

अस्सल ठरवायचे तर कोणत्या सालापासून धरायचे? शीआन म्हणजे पूर्वीचे छांगआन. महाराष्ट्र आणि दुसरा पुलकेशी ह्यांचे वर्णन करणारा ह्यूएनत्संग ६४५ साली तेथेच परतला. त्याच्या छांगआनमध्ये मिरची नव्हती, आणि पुलकेशीच्या मुदपाकखान्यातही नव्हती. ती अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात इकडे आली. आज मिरचीच्या तेलावाचून शीआन नाही आणि तर्रीवाचून आपण नाही. खुद्द चीनमध्येही हाच तंटा आहे. देशभर 'लानचौ'च्या नूडल्सची पाटी लावलेली असंख्य दुकाने शेजारच्या छिंगहाय प्रांतातील हुआलोंगच्या लोकांची आहेत, आणि लानचौकर त्यांना आपले मानायला तयार नसतात.

मग परमुलखात काहीही चालते काय? तसे आम्हांस वाटत नाही. काउंटरमागे एक प्रौढ बाई सकाळपासून बसवून ठेवलेल्या साक्यावरचे पाणी ओतीत होत्या आणि ओट्यावर कणीक आपटण्याचा आवाज सारखा येत होता. तयार पाकिटातल्या नूडल्स उकळून वर तोच रस ओतला असता, तर शीआनच्या सहकाऱ्याचे म्हणणे आम्ही मुकाट्याने मान्य केले असते. गोडवा गिऱ्हाइकासाठी आला असेल. कृती मात्र त्यांनी गावाहून आणली तशीच ठेवली आहे. पदार्थाची ओळख आम्ही त्या कृतीत शोधतो. ती टिकली, तर चवीत दोन बोटे फरक पडल्याने काही बुडत नाही.

ही कसोटी आम्ही दुसऱ्याला लावली खरी, पण उठताना ती आमच्याच घराला लागली. बडोद्याच्या आमच्या गच्चीवर कुरडया वाळत पडल्याला कितीतरी वर्षे झाली. आताशा त्या पाकिटातून येतात. पुण्याच्या पाहुण्यांशी आम्ही नावासाठी भांडत राहिलो, आणि गहू भिजत घालायचे विसरलो. मेन स्ट्रीटवरील त्या बाईंना आपल्या पदार्थाच्या अस्सलपणाविषयी कुणाशी वाद घालायला सवड नसावी. त्यांचा चीक रोज बसतो.

येत्या उन्हाळ्यात पाच किलो गहू भिजवायचे, असे परतीच्या गाडीतच ठरले. चोथ्याचे काय करायचे, ते ह्या खेपेस पाहू. गच्चीवर कोण चढणार, हा सौभाग्यवतींचा प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरित आहे.