‘पुनर्वसन’ व ‘पुनर्वसाहत’ : एका परिभाषेचे परीक्षण

१८९४ चा भूमिसंपादनाचा कायदा रद्द होऊन त्याच्या जागी २०१३ चा अधिनियम आला व १ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आहे. त्याच्या लांबलचक मराठी नावात ‘भूमिसंपादन’, ‘पुनर्वसन’ आणि ‘पुनर्वसाहत’ हे तीन शब्द ओळीने आले आहेत. कायद्याचे गुणदोष विधिज्ञांनी पाहावेत. आम्ही येथे या शब्दांचेच परीक्षण करणार आहो. हा उद्योग केवळ वैयाकरणाची हौस नव्हे, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानी यावे.

इंग्रजी मुळात दोन भिन्न कल्पना आहेत. जागेवरून उठविलेल्या माणसास दुसरीकडे राहावयास जागा करून देणे ही एक. त्याचा मोडलेला धंदा व संसार पूर्ववत् उभा करणे ही दुसरी. मराठी भाषांतरकाराने पहिलीस ‘पुनर्वसाहत’ व दुसरीस ‘पुनर्वसन’ म्हटले. यांपैकी ‘वसन’ हे सरळ संस्कृत आणि ‘वसाहत’ हे मराठीने ‘वसणे’वरून घडविलेले, परंतु दोहोंच्याही मुळाशी ‘वस्’, म्हणजे राहणे, हा एकच धातू आहे. अर्थात् राहण्याची सोय दोनदा सांगितली गेली आणि पोटाची सोय एकदाही नाही. वृत्ती, उपजीविका, चरितार्थ हे आपल्या भाषेतील जुने व सुबोध शब्द असता त्यांपैकी एकासही या नावात प्रवेश मिळू नये, ही गोष्ट आम्हांस साधी वाटत नाही. ज्या गोष्टीस कागदावर नाव नाही तिची चौकशी कोणता अंमलदार करील?

‘संपादन’ शब्दाविषयीही थोडे लिहिणे अवश्य आहे. ‘संपादणे’ म्हणजे मिळविणे, सिद्धीस नेणे. कीर्ती संपादावी, विद्या संपादावी. त्यात मिळविणारा दिसतो, ज्याच्याकडून मिळविले तो दिसत नाही. पाणिनीच्या शास्त्रात वियोग घडताना जे स्थिर राहते त्यास अपादान म्हणतात. झाडावरून पान गळते तेव्हा झाड स्थिर असते. येथे शेतकऱ्यापासून शेत जाते आणि मागोमाग शेतकरीही जातो. हे अपादान कोणत्या प्रकारचे, ते आम्हांस ठाऊक नाही.

ही परिभाषा व्यवहारात कशी उतरते हे पाहण्यास आम्हांस दूर जावे लागत नाही. नाशिकरोडजवळ एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राचे पहिले दोन संच १९७० च्या सुमारास चालू झाले. पुढे १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच आले. पहिले दोन संच उभे राहिले तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा स्वतंत्र अधिनियमच नव्हता. तो १९७६ साली झाला, आणि पुढे १९८६ व १९९९ चे अधिनियम आले. या तिहींच्या इंग्रजी नावांत एक लक्षणीय फरक आहे. पहिला ‘विस्थापितां’विषयी बोलतो, नंतरचे दोन ‘बाधितां’विषयी. ही सुधारणाच होय. कारण घर न जाता केवळ रान गेलेला मनुष्य विस्थापित नसतो, बाधित मात्र असतो. तथापि या अधिनियमांतील मुख्य योजना अशी की, प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील जमीन घेऊन ती बाधितांस द्यावी. धरणाच्या कालव्यास ती शोभते. औष्णिक केंद्राच्या विजेस कालवा नसतो. ती तारांवरून राज्यभर जाते, आणि तिच्या लाभधारकाकडून एक गुंठाही मागता येत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी जमिनीच्या बदल्यात नोकरी हाच उपाय उरतो.

लोकव्यवहारात मात्र ‘बाधित’ रुजला नाही, ‘प्रकल्पग्रस्त’ रुजला. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणात ग्रासापाठोपाठ मोक्ष असतो. येथे प्रकल्पग्रस्ताचा दाखला बापाकडून मुलाकडे येतो व तो दाखवून शासकीय नोकरीतील पाच टक्के समांतर आरक्षणात जागा मागावी लागते. नोकरी मिळाली त्या घराचे बरे झाले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु नोकरी एकास मिळते. शेत भावाभावांस, सालदारास आणि खळ्यावर येणाऱ्या बलुतेदारासही पोसत होते. सालदार व बलुतेदार यांचे नाव सातबाऱ्यावर नसे. सबब निवाड्यातही नसे. मुळशीस १९२१ साली सत्याग्रह झाला तेव्हाही हाच पेच होता. तेथील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावे झालेली; मोबदल्याचे धनी ते, आणि पोटावर पाय आला तो कसणाऱ्या मावळ्याच्या. २०१३ च्या अधिनियमाने संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर पोट भरणाऱ्या शेतमजुरास व कुळासही बाधित कुटुंब मानले, हे त्याचे मोठे श्रेय आहे. परंतु ते श्रेय पूर्वी उठलेल्यांच्या कामी येत नाही.

आता देखरेखीचा विचार करू. या अधिनियमाने प्रशासक, आयुक्त व शंभर एकर किंवा अधिक क्षेत्र असल्यास जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आहे. नव्या वसाहतीतील रस्ते, पाणी, शाळा इत्यादी सोयी निवाड्यापासून अठरा महिन्यांत पुऱ्या व्हाव्यात, अशी मुदत घातली आहे. हे सर्व ‘वसना’चे झाले. उपजीविकेसाठी तीन पर्याय आहेत : प्रकल्पात रोजगार निर्माण होत असल्यास नोकरी, एकरकमी पाच लाख रुपये, किंवा वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार रुपये. पाच लाखांची पावती झाली की देखरेख करणाऱ्याचे काम संपले. त्या पैशाचे पुढे काय झाले, पाहणारा कोणी नाही. सामाजिक लेखापरीक्षणाची जबाबदारी आयुक्तावर आहे खरी, परंतु ते कोणत्या प्रश्नांनी करावे, हे ठरविताना पुन्हा परिभाषाच आडवी येते.

याच्याशी ताडून पाहावा असा एक कागद आमच्या अभ्यासकांस परिचित आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले पत्र ते हेच. गावोगाव हिंडावे, कुणबी गोळा करावे, ज्यास माणूसबळ आहे पण बैल नाहीत त्यास बैलांसाठी रोख पैसा व पोटास दाणे द्यावे, आणि मुद्दल तेवढे, वाढीदिढी न करता, त्यास शक्ती येईल तसतसे उगवून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. हे पत्र उठविलेल्या लोकांविषयी नाही, व त्यात सरकारच्या वसुलाचा हेतू उघड आहे. उजाड गावास चढत्या धाऱ्याने दिलेल्या इस्ताव्याच्या कौलातही तो होताच. तरीही अंमलदाराने काय पाहावे, हे त्यात निःसंदिग्ध आहे. घर नव्हे, पावती नव्हे. कुणब्यास शक्ती आली की नाही. जुन्या दप्तरांत आढळणारा ‘कीर्दमहामुरी’ हा शब्द लागवड व भरभराट यांस एकत्र बांधतो. नव्या परिभाषेच्या कर्त्यांस तो ठाऊक असता तर बरे झाले असते.

साधनांविषयी एक सूचना करतो. निवाड्याच्या कागदांवरून कोणाची किती जमीन गेली ते कळते, पुढे तो कशावर जगला ते कळत नाही. शाळेच्या प्रवेश-अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असे. एकाच घरातील थोरल्या भावाचा निवाड्यापूर्वीचा व धाकट्याचा निवाड्यानंतरचा अर्ज शेजारी ठेविल्यास जे समजेल ते कोणत्याही शासकीय अहवालात मिळणार नाही. आम्ही स्वतः अनेक वर्षे ते अर्ज भरून घेतले आणि त्या रकान्याकडे कधी पाहिले नाही, हे कबूल करणे प्राप्त आहे. एकलहरे व भोवतालच्या गावांतील ज्या घरांत संपादनाच्या नोटिसा, निवाड्याच्या नकला, मोबदल्याच्या पावत्या किंवा असे अर्ज अद्याप शिल्लक असतील त्यांनी ते नक्कल करून घेण्यापुरते मंडळाकडे पाठवावेत. कागद जसेच्या तसे परत करण्यात येतील.