उभ्या बाटलीमागचा उजेड : घरगुती व्हिस्की-संग्रहाच्या स्थिरचित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शाळकरी विद्यार्थ्याची स्थिरचित्राशी पहिली ओळख बहुधा कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षांमुळे होते. इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीसाठी टेबलावर कापड अंथरले जाते. त्यावर एखादे भांडे, एखादे फळ आणि पुष्कळदा एक रिकामी बाटली मांडली जाते. बाजूच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात छायाप्रकाश कसा टिपावा, हे विद्यार्थी शिकतो. ती बाटली मुळात कशाची होती, हा प्रश्न वर्गात विचारला जात नाही. चित्रविषय झाली की वस्तू आपला पूर्वेतिहास मागे ठेवते, असे जणू तेथे गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक तपासण्यासाठी घरगुती व्हिस्की-संग्रहाचे छायाचित्र हे उत्तम उदाहरण ठरते. संग्रहातील बाटल्या ओळीने मांडून त्यांच्यामागून प्रकाश सोडण्याची, म्हणजेच पार्श्वप्रकाशात स्थिरचित्र टिपण्याची पद्धत आता व्यावसायिक छायाचित्रकारांपुरती उरलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले या तालुक्याच्या गावातील एखाद्या घरात पश्चिमेच्या खिडकीत अशा दहा बाटल्या मांडल्या आहेत, अशी कल्पना केली, तर त्या मांडणीत प्रकाशशास्त्र, संग्राहकवृत्ती, ऊसपट्ट्याचे अर्थकारण आणि दारूविषयीचा मराठी समाजाचा दृष्टिकोन असे अनेक धागे एकत्र येतात. पार्श्वप्रकाश बाटलीला सुंदर करतो हे उघड आहे. तो काय दाखवतो आणि त्या बदल्यात काय झाकतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

काच, चांदी आणि प्रकाशाची दिशा

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. चांदीची वस्तू समोरच्या प्रकाशाने दिसते. तिच्या पृष्ठभागावर भोवतालची प्रतिबिंबे उमटतात आणि त्या प्रतिबिंबांवरूनच तिचा घाट कळतो. काचेचे तसे नाही. समोरून प्रकाश टाकल्यास काचेवर एक-दोन पांढरे ठिपके चमकतात, बाकीचा प्रकाश आरपार निघून जातो आणि बाटलीचे अंग निर्जीव दिसते. म्हणून काचेचे छायाचित्र हे वस्तुतः तिच्यामागील पार्श्वभूमीचे छायाचित्र असते.

या तत्त्वावर दोन पद्धती उभ्या आहेत. पहिलीत बाटलीमागे चौकटीपुरताच उजळ पडदा ठेवला जातो. बाटलीच्या वक्र कडांतून प्रकाश वळत असल्याने कडांमध्ये पडद्याबाहेरचा काळोख उतरतो आणि उजळ पार्श्वभूमीवर बाटलीची काळी बाह्यरेषा उमटते. दुसरीत मोठ्या प्रकाशस्रोतापुढे लहान काळा पुठ्ठा धरला जातो. तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर कडा उजळतात. पहिल्या पद्धतीत द्रवाचा रंग खुलतो, दुसरीत काचेचा घाट.

बाटलीच्या आकाराचाही यात मोठा वाटा असतो. गोल बाटली द्रवाने भरलेली असता भिंगासारखी वागते आणि मागचे दृश्य डावे-उजवे उलटे दाखवते. चौकोनी बाटलीच्या सपाट अंगातून प्रकाश बराचसा एकसारखा पार होतो. जॉनी वॉकरची चौकोनी बाटली म्हणूनच पार्श्वप्रकाशात रंगीत काचेच्या तावदानासारखी भासते; ग्लेनफिडिकच्या हिरव्या त्रिकोणी बाटलीत मात्र काचेचा रंग आतल्या द्रवाच्या रंगावर मात करतो. शिवाय प्रकाशाला द्रवातून जितका लांब प्रवास करावा लागतो, तितका त्याचा अधिक अंश शोषला जातो. त्यामुळे एकच व्हिस्की पेल्यात फिकट आणि बाटलीत गडद दिसते. रंग हा द्रवाचा अंगभूत गुण वाटतो. छायाचित्रात तो जाडी, काच आणि प्रकाश या तिघांच्या व्यवहारातून ठरतो.

नोंद की चित्र?

संग्रहाचे छायाचित्र आणि छायाचित्रणकला यांचे नाते जवळजवळ समवयस्क आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ (१८४४–४६) या ग्रंथात चिनी मातीच्या भांड्यांचे एक आणि काचेच्या वस्तूंचे एक अशी दोन चित्रे आहेत. चिनी मातीच्या वस्तूंचा संग्रह शब्दांत नोंदवण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी वेळात तो छायाचित्रात उतरवता येईल, आणि उद्या तो चोरीस गेला तर हे चित्र पुरावा म्हणून उपयोगी पडेल, असा विचार टॅल्बट यांनी तेथे मांडला आहे. काचेच्या बाबतीत मात्र त्यांचा सूर बदलतो. काच प्रकाशसंवेदी कागदावर वेगळाच ठसा उमटवते आणि पांढऱ्या चिनी मातीबरोबर तिला एकाच चित्रात घेतल्यास ती मागे पडते, असे त्यांचे निरीक्षण आहे. म्हणजे संग्रहाची नोंद आणि काचेचे चित्र या दोन वेगळ्या गरजा आहेत, याची जाणीव या कलेच्या आरंभीच झालेली दिसते.

व्हिस्कीच्या संग्रहात हा पेच लेबलावर येऊन थांबतो. संग्राहकाच्या दृष्टीने बाटलीचे मोल लेबलात असते. गाळणाऱ्याचे नाव, वय आणि मद्यार्काचे प्रमाण तेथे छापलेले असते. परंतु लेबल अपारदर्शक असल्याने मागून प्रकाश येताच ते काळे पडते. जाहिरातीच्या छायाचित्रणात यावर उपाय आहे. समोरून पांढरा पुठ्ठा किंवा लहान आरसा धरून लेबलापुरता उजेड परतवला जातो, अथवा बाटलीच्या आकाराचा सोनेरी किंवा रुपेरी कागद कापून तो तिच्यामागे दडवला जातो. अशा चित्रात लेबलही वाचता येते आणि द्रवही झळकतो. मात्र त्या क्षणी छायाचित्र विक्रीच्या भाषेत बोलू लागते.

जॉर्जिओ मोरांडी (१८९०–१९६४) या इटालियन चित्रकाराने बाटल्या हाच आयुष्यभराचा विषय मानला. तो बाटल्यांवरील लेबले काढून टाकी आणि अनेकदा त्यांना रंग देऊन त्यांची चमकही घालवी. नाव आणि झळाळी या दोहोंचा त्याग केल्यावर उरणारा घाट आणि बाटल्यांमधील अंतर त्याला हवे होते. घरगुती छायाचित्रकाराला झळाळी सोडवत नाही, ते समजण्यासारखे आहे. परंतु पार्श्वप्रकाशात लेबल काळे पडते तेव्हा मोरांडीच्या त्यागाचा अर्धा भाग आपोआप घडून येतो. महागडी आणि स्वस्त बाटली एका रांगेत समान होतात. मालकी मागे पडते आणि चित्र पुढे येते. लेबल उजळण्याचा मोह आवरला, तरच संग्रहाची यादी स्थिरचित्राच्या पातळीवर पोहोचते.

रंगाची साक्ष

लेबल गेल्यावर रंग उरतो. हा रंग कितपत विश्वासार्ह मानावा? २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार स्कॉच धान्यापासून गाळली जाते आणि ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरवली जाते. तिचा रंग त्या लाकडातून येतो. तथापि त्याच नियमांनी साधे कॅरॅमल, म्हणजे करपवलेली साखर, रंगासाठी मिसळण्यास मुभा दिली आहे. सोनेरी छटा जुनेपणाची खूण असेलच असे नाही.

ऊसपट्ट्यातील प्रेक्षकाला ही गोष्ट नवी वाटू नये. कोल्हापूरच्या बाजारात फिकट पिवळ्या गुळाला मागणी असते. गुऱ्हाळात रस उकळताना भेंडीच्या चिकाने मळी काढण्याची जुनी पद्धत आहे. पुढे रंग उजळवण्यासाठी हायड्रॉससारख्या रसायनांचा वापर वाढला आणि त्याविरुद्ध आरोग्याच्या दृष्टीने आक्षेपही घेतले गेले. व्हिस्की गडद केली जाते आणि गूळ फिकट केला जातो; दोन्हीकडे जिभेच्या आधी डोळ्याला राजी केले जाते.

हा संबंध केवळ साधर्म्यापुरता नाही. स्वस्त भारतीय व्हिस्कीचा मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर उभा आहे, आणि म्हणूनच युरोपीय संघाच्या व्याख्येत ती व्हिस्की ठरत नाही. याउलट बंगळूरूच्या अमृत आसवनीने २००४ मध्ये ग्लासगो येथे आपली सिंगल माल्ट बाजारात आणली आणि गोव्यात पॉल जॉन ही सिंगल माल्ट तयार होऊ लागली. या दोन्ही जवापासून बनतात. हातकणंगल्याच्या खिडकीत स्कॉच, गोव्याची माल्ट आणि मळीची व्हिस्की शेजारी ठेवल्यास पार्श्वप्रकाश तिघींनाही एकच सोनेरी वर्ण देईल. ज्या द्रवाची मुळे आसपासच्या शिवारातील उसापर्यंत पोहोचत असतील, तोही तितकाच परदेशी आणि दूरस्थ भासेल. ही पार्श्वप्रकाशाची समदृष्टी आहे आणि त्याची मर्यादाही.

काळाची रेषा

व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत मुरत नाही. बाटलीबंद होताच तिचे वय थांबते. त्या अर्थाने सीलबंद बाटली ही खरोखरच ‘स्थिर’ वस्तू आहे. मात्र दीर्घकाळ ऊन लागल्यास व्हिस्कीचा रंग फिकटतो आणि चवही बिघडते. म्हणून जाणता संग्राहक तिला काळोखात ठेवतो. ज्या उजेडामुळे संग्रह दिसतो तोच त्याला हळूहळू खातो. छायाचित्रासाठी दिलेला घटकाभराचा उजेड हा या दोन गरजांमधील समझोता होय.

पार्श्वप्रकाशात आणखी एक गोष्ट उघडी पडते : द्रवाची पातळी. समोरच्या प्रकाशात ती लेबलामागे लपू शकते. मागच्या प्रकाशात मात्र कोणती बाटली उघडली गेली आणि किती रिकामी झाली, हे स्पष्ट होते. १७ व्या शतकातील हॉलंडमध्ये विलेम क्लास हेडा याने रंगवलेल्या मेजांवर कलंडलेला चषक, अर्धवट सोललेले लिंबू, उरलेले मद्य आढळते. कोणीतरी येथे जेवून उठले आहे, असे ते चित्र सांगते. उपभोग आणि त्याची नश्वरता दोन्ही त्यात आहेत. सर्व बाटल्या काठोकाठ भरलेल्या असलेल्या छायाचित्रात माणसाचा मागमूस राहत नाही. ते दुकानाच्या फळीसारखे दिसते. उलट दहापैकी एका बाटलीतील पातळी खाली गेली असेल, तर त्या रिकाम्या जागेत पाहुणे, प्रसंग आणि गेलेली वर्षे यांना प्रवेश मिळतो.

उभी बाटली, आडवी बाटली

परंतु मराठी प्रेक्षक दारूच्या बाटलीकडे केवळ घाट म्हणून पाहू शकतो काय? गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने मद्यपात्राला शोकांतिकेचे चिन्ह बनवले. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने १९३९ मध्ये आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून आणि मास्टर विनायक यांच्या दिग्दर्शनाखाली ‘ब्रँडीची बाटली’ हा चित्रपट काढला. त्यात ब्रँडी म्हणजे काय हेच ठाऊक नसलेला एक भोळा कारकून औषधासाठी ती शोधत फिरतो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला एफ. एन. बलसारा यांनी दिलेले आव्हान १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. घरी विदेशी मद्य बाळगण्याच्या हक्काचा प्रश्न त्या वादात होता. आजही महाराष्ट्रात घरी मद्य बाळगण्यास परवाना लागतो.

याहून थेट उदाहरण मतपत्रिकेचे आहे. गावातील किंवा प्रभागातील दारूचे दुकान बंद करावे की नाही, यासाठी होणाऱ्या मतदानाची पद्धत २००८ च्या शासकीय आदेशाने ठरवून दिली. त्यात दोन चिन्हे असतात : दुकान चालू राहावे यासाठी उभी बाटली आणि बंद व्हावे यासाठी आडवी बाटली. संसाराची झालेली ओढाताण सोसलेल्या अनेक स्त्रियांनी ‘आडवी बाटली’साठी गावोगाव प्रचार केला. लेबल नसलेली, केवळ बाह्यरेषेने ओळखू येणारी ती बाटली आणि पार्श्वप्रकाशातील बाटली यांचे दृश्यरूप एकच आहे. एकीकडे आत काहीच रंगवलेले नसते. दुसरीकडे सोने भरलेले असते. व्हिस्कीची बाटली साठवणीसाठीही उभीच ठेवावी लागते, कारण तीव्र मद्यार्काने बूच खराब होते. संग्राहकाच्या लेखी ती निव्वळ काळजी आहे. मतदार स्त्रीच्या लेखी तो कौल आहे.

समारोप

या विवेचनाचा अर्थ असे छायाचित्र अनैतिक आहे असा नाही. काचेतून आरपार येणाऱ्या उजेडाचे सौंदर्य खरे आहे आणि ते टिपण्यास कौशल्य लागते. मात्र पार्श्वप्रकाश किंमत, उगम आणि परिणाम या तिन्ही गोष्टी एकाच वेळी विझवतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. किंमत विझणे ही कलेच्या दृष्टीने जमेची बाजू होय. उगम आणि परिणाम विझणे ही उणीव आहे. ती भरून काढण्यासाठी चित्रात उपदेश आणण्याची गरज नाही. लेबल काळे राहू द्यावे, पातळी खाली गेलेली बाटली मांडणीतून वगळू नये, आणि उजळ पडद्याने खिडकीची चौकट, तिचा गज, पलीकडचे शिवार पुसून टाकू नये, एवढे पुरेसे आहे. मग वर्गातील टेबलावर न विचारलेला प्रश्न, ही बाटली कशाची आणि कोणाच्या घरातली, चित्र पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहील.