ख्रिस्तपुराण आणि पापपुण्यविवेकाची पाठशाळा

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें, त्याचा बराच भाग दोन प्रश्नांभोंवतीं फिरतो. एका इंग्रज पाद्र्यास इतकें प्रौढ ओवीबद्ध मराठी साधलें कसें, हा पहिला. आणि ग्रंथाची मूळ संहिता रोमन लिपींतली कीं देवनागरींतली, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, यांत संशय नाहीं. परंतु त्यांच्या आड एक तिसरा प्रश्न झांकून राहिला आहे. स्टीफन्स व त्यांचे सहकारी ज्या पाठशाळांतून तयार झाले, तेथें नीतिशास्त्र म्हणून काय शिकविलें जाई, आणि त्या शिक्षणाचा ठसा या ग्रंथाच्या शब्दयोजनेवर कोठें उमटला, हा तो प्रश्न होय. आमचें म्हणणें असें कीं, या तिसऱ्या प्रश्नाचा विचार केल्यावांचून दुसऱ्याचा निकाल लागणार नाहीं.

प्रथम ग्रंथाची हकीकत थोडक्यांत सांगतों. स्टीफन्स यांचा जन्म १५४९ चा. ते १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरले आणि पुढील सुमारें चाळीस वर्षें बहुतांशीं साष्टी प्रांतांत राहून १६१९ सालीं वारले. त्यांचें पुराण १६१६ सालीं राशोल येथें रोमन अक्षरांत छापून निघालें. पुढें १६४९ व १६५४ या सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तीन आवृत्त्यांपैकीं एकीचीहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांमुळें. गोव्याकडील व मंगळुराकडील ख्रिस्ती घराण्यांनीं तो उतरून घेतला, वाचला, गाइला, आणि अशा नकलांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो रोमन लिपींतच पुन्हां छापिला. त्यानंतर जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील प्राच्यविद्याशाळेच्या मार्सडेन संग्रहांत देवनागरी हस्तलिखित असल्याचें १९२३ च्या सुमारास विद्वानांच्या नजरेस आणिलें. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली, व कारिदाद द्राग्रो यांची १९९६ सालीं मुंबईस. ग्रंथाचे भाग दोन, पहिल्याचे अध्याय ३६ व दुसऱ्याचे ५९. ओवीसंख्या सुमारें ११,०००.

येथें एका प्रचलित समजुतीची दुरुस्ती करणें अवश्य आहे. ख्रिस्तपुराण राशोलच्या सेमिनरींत छापलें गेलें, असें सर्रास लिहिलें जातें. सेमिनरी म्हणजे पाद्री होऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची धर्मप्रांताची पाठशाळा. राशोलची वास्तु १६१६ सालीं तशी नव्हती. तें जेसुइट संघाचें विद्यालय होतें. साष्टीचें हें विद्यालय १५७४ सालीं मडगांवीं स्थापन झालें. राशोलच्या इमारतीची पायाभरणी १६०६ सालची, व विद्यालय तेथें १६१० सालीं स्थिरावलें. पोर्तुगालच्या राजसत्तेनें १७५९ सालीं जेसुइटांस हांकून दिल्यावर, १७६२ सालीं गोव्याच्या आर्चबिशपांनीं ती वास्तु धर्मप्रांताच्या सेमिनरीकडे लाविली, आणि ती सेमिनरी आजहि तेथें आहे. हा भेद केवळ नांवाचा नव्हे. धर्मप्रांताच्या पाठशाळेंतून गांवोगांवचे स्थानिक पाद्री तयार होतात; जेसुइट विद्यालयांत परदेशांतून आलेले संघाचे पाद्री राहत, शिकवीत आणि स्वतःहि भाषा शिकत. ग्रंथाचा कर्ता व ग्रंथाचा वाचक यांमधील अंतर मापावयाचें, तर ग्रंथ कोणत्या घरांतून निघाला हें आधीं नीट ठरविलें पाहिजे.

आतां त्या घरांतील नीतिशास्त्राकडे वळूं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मप्रांतांत पाद्र्यांच्या शिक्षणाची पाठशाळा असावी असा नियम केला, आणि त्याच परिषदेनें १५५१ सालीं प्रायश्चित्त संस्काराची मीमांसा ठरवून दिली होती. या दोन निर्णयांच्या संगमांतून कॅथलिक नीतिमीमांसा ही एक स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभी राहिली. तिचा आरंभ तत्त्वांपासून नव्हे, तर प्रसंगांपासून झाला. व्याज घेतलें तें पाप कीं व्यवहार, चोरीचा माल नकळत विकत घेतला तर परत करणें कोणास, भीतीनें घेतलेली शपथ बांधते कीं नाहीं, अशा प्रकरणांस ‘सदसद्विवेकाचीं प्रकरणें’ म्हणत व त्यांचा स्वतंत्र वर्ग चाले. जेसुइटांच्या १५९९ च्या अभ्यासक्रमांत अशा प्रकरणांचा अध्यापक नेमावा असें स्पष्ट आहे. पोर्तुगीज मुलुखांत मार्तिन दे आस्पिल्क्वेता यांचा कबुली ऐकणाऱ्या पाद्र्यांसाठीं लिहिलेला ग्रंथ प्रमाण मानला जाई. त्याच्या कोइंब्रा येथील आवृत्त्या १५४९ व १५५२ च्या आहेत. गोव्याच्या १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेनें मनुष्यास गुलाम करणें कोणत्या कारणांनीं न्याय्य ठरतें याचा विचार केला, तोहि याच शास्त्राचा एक भाग होय.

धर्मशास्त्राच्या पोथ्या ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस हें सर्व अपरिचित वाटणार नाहीं. मिताक्षरेचा प्रायश्चित्ताध्याय हाहि प्रकरणांचाच संग्रह आहे. पाप जाणून केलें कीं अजाणतां, यावर प्रायश्चित्त कमीअधिक होतें, हा विचार मनूच्या अकराव्या अध्यायांत आहे. आणि पाप मरणप्राय ठरण्यास विषयाचें गांभीर्य, पूर्ण जाणीव व मनाची संमति हीं तीन हवींत, असें कॅथलिक शास्त्र सांगतें. आमच्या षड्रिपूंतील काम, क्रोध, लोभ, मद व मत्सर हे पांच त्यांच्या सात मूळ पापांत थोड्याफार फरकानें भेटतात. परंतु साम्य येथवरच. महापातकांची आमची गणना कृत्यांची आहे: ब्रह्महत्या, सुरापान, स्तेय इत्यादि. त्यांची सात पापांची गणना वृत्तींची आहे. शिवाय आमचें प्रायश्चित्त वर्णावर व प्रसंगावर अवलंबून राहून ब्राह्मणसभेच्या निर्णयानें उघडपणें होई. त्यांचें एका पाद्र्याच्या कानांत सांगून, पश्चात्ताप, निवेदन व भरपाई या तीन अंगांनीं पुरें होई.

याचा परिणाम दफ्तरांवर काय झाला तो संग्राहकांनीं लक्षांत घ्यावा. नेताजी पालकरास १६७६ सालीं प्रायश्चित्त देऊन स्वधर्मांत घेतलें, ही गोष्ट सार्वजनिक होती. दोषपत्र, शुद्धिपत्र असे कागद आमच्याकडे उत्पन्न होत, ते वतनाच्या कागदांबरोबर जपले जात, आणि म्हणूनच आज ते आमच्या हातीं लागतात. उलट कबुलीची गुप्तता पाद्र्यावर प्राणान्तींहि बंधनकारक आहे. १२१५ च्या लॅटेरन परिषदेनेंच ती मोडणाऱ्यास कडक शासन सांगितलें. त्यामुळें या शास्त्राचा जो मुख्य व्यवहार, त्याचा कागद उत्पन्नच होत नाहीं. इन्क्विझिशनचे कागद त्याच्या जागीं धरण्याचा मोह पुष्कळांस पडतो. परंतु तें १५६० पासून, मध्यें १७७४ ते १७७८ चा खंड सोडून, १८१२ पर्यंत चाललेलें दंड देणारें न्यायासन होतें, कबुलीचा कट्टा नव्हता. त्याच्या निवाड्यांवरून साष्टीच्या एखाद्या कुळंब्यास आपल्या मनांतील टोंचणी कोणत्या शब्दांत सांगावयास शिकविलें गेलें, हें कळणार नाहीं. तें कळावयाचें साधन म्हणजे शिकवणुकीचे ग्रंथ: स्टीफन्स यांची १६२२ सालीं, म्हणजे मरणोत्तर, राशोल येथें छापलेली कोंकणी प्रश्नोत्तरी, आणि हें पुराण. प्रश्नोत्तरीची छायाप्रत मारियानु सालढाणा यांनीं १९४५ सालीं लिस्बन येथें प्रसिद्ध केली आहे, ही सुदैवाची गोष्ट होय.

आतां मूळ संहितेच्या वादाकडे येतों. रोमन प्रतींत धर्मसंस्कारांचीं व पदव्यांचीं नांवें पुष्कळदां पोर्तुगीज वा लॅटिन आहेत. मार्सडेन प्रतींत त्यांच्या जागीं संस्कृत शब्द आढळतात. ॲबट यांनीं देवनागरी पाठ मूळ मानिला. त्यांच्या शोधाचें श्रेय मोठें आहे, आणि मराठी संतकवींच्या भाषेशीं त्यांचा परिचय दांडगा होता. तथापि त्यांचा निर्णय आम्हांस अपुरा वाटतो. हा वाद भाषाशुद्धीचा म्हणून लढविला गेला: जणूं अभिरुचि असलेला कवि संस्कृत शब्दच लिहील, आणि परकी शब्द नकलकाराच्या आळसानें शिरले असतील. परंतु त्या काळच्या पाठशाळेंत शब्दाची निवड हा स्वतःच नीतीचा प्रश्न होता. देशाचा आचार निव्वळ लौकिक असल्यास तो पाळण्यांत पाप नाहीं. त्यांत मूर्तिपूजेचा अंश असल्यास आहे. जानवें, शेंडी, गंध व स्नान हीं कोणत्या बाजूचीं, यावर रोबेर्तो दे नोबिली यांच्या मदुरेंतील वर्तनामुळें मोठा कलह माजला. १६१९ सालीं गोव्यास त्याची चर्चा झाली, आणि पंधरावे ग्रेगरी यांनीं १६२३ सालीं हे आचार कांहीं अटींवर चालूं दिले. जानव्याविषयीं जो प्रश्न तोच शब्दांविषयीं. परकी शब्द ठेवणें ही सावधगिरी होती, संस्कृत शब्द घेणें हें धाडस. ‘पाप’, ‘पुण्य’ हे देशी शब्द स्वीकारून कबुलीस मात्र पोर्तुगीजावरून आलेला ‘कुमसार’ हा शब्द कोंकणी ख्रिस्ती लोकांत रूढ व्हावा, यांत आळस नाहीं. जी वस्तु या देशांत नव्हती तिला या देशाचें नांव देऊं नये, असा विचार त्यांत दिसतो.

यावरून दोन शक्यता निघतात. एक, स्टीफन्स यांनीं संस्कृत शब्द योजिले व छपाईपूर्वींच्या धार्मिक तपासणींत ते बदलले गेले. दुसरी, त्यांनीं परकी शब्दच ठेविले, आणि पुढें १६२३ च्या निर्णयानें धीर आलेल्या कोणी ते बदलले. कोणती खरी, याची कसोटी ग्रंथांतच आहे. ओवीचे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले असतात. जेथें परकी शब्द यमकाच्या जागीं बसला आहे व संस्कृत शब्दानें यमक मोडतें, तेथें परकी शब्द मूळचा; जेथें उलट, तेथें निर्णयहि उलट. दुसरी कसोटी अर्थाची. संस्कारांचीं नांवें तेवढीं बदललीं आहेत, कीं पाप, दोष, पश्चात्ताप, क्षमा यांचे शब्दहि बदलले आहेत ? पहिलें दिसल्यास बदल ठराविक नियमानें झाला असें म्हणतां येईल. दुसरें दिसल्यास बदलणारा नीतिशास्त्र शिकलेला मनुष्य असला पाहिजे. या दृष्टीनें दोन्ही पाठांची ओवीवार तुलना व्हावी. सालढाणा यांनीं आपल्या आवृत्तीस जोडलेला शब्दकोश वाचकाच्या फार उपयोगाचा आहे. परंतु शब्दाचा अर्थ देणें निराळें, आणि त्या अर्थासाठीं तोच शब्द कां निवडला हें सांगणें निराळें.

कोणी म्हणेल कीं, हें पुराण कथाकाव्य आहे, त्यावर नीतिशास्त्राचा भार कशास ? त्यास उत्तर ग्रंथाच्या आरंभींच आहे. जुनीं पुराणें सोडावयास लाविलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं द्यावें, अशी नवख्रिस्ती ब्राह्मणाची मागणी तेथें येते, आणि तिच्यांतून ग्रंथाचा उपक्रम होतो. जुनें वाचणें पाप ठरलें, म्हणून नवें लिहिणें कर्तव्य झालें. ज्यांनीं निषेध केला त्यांच्याच पंक्तींतील एकानें ही मागणी न्याय्य मानावी, यांत या ग्रंथाची थोरवी आहे. १६८४ सालीं गोव्याच्या विजरईनें लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकावी असें फर्मान काढलें, तेव्हां ही न्यायबुद्धि राज्यकर्त्यांत उरली नव्हती, हें उघड आहे.

हा विचार केवळ जुन्या पोथ्यांपुरता नाहीं. जालना जिल्हा ज्या औरंगाबाद धर्मप्रांतांत मोडतो तो १९७७ सालीं निर्माण झाला. समजा, भोकरदन तालुक्यांतील धावड्यासारख्या गांवचा एखादा तरुण पाद्री होण्यास निघाला. पुण्याची पोपची सेमिनरी १८९३ सालीं कँडी येथें स्थापन होऊन १९५५ सालीं पुण्यास आली. अशा ठिकाणीं तो नीतिमीमांसा शिकेल ती इंग्रजींत. १७४८ सालीं प्रथम निघालेला आल्फोन्सस लिगोरी यांचा ग्रंथ, आणि नीतिमीमांसा बायबलच्या आधारें अधिक पुष्ट करावी असें सांगणारा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५ चा ठराव, हें सर्व त्यास ठाऊक होईल. परंतु परत येऊन धावड्याच्या बोलींत एखाद्या म्हातारीची कबुली ऐकतांना, जाणीव, संमति, भरपाई या कल्पनांस तो शब्द कोठून आणणार ? चार शतकांपूर्वीं साष्टींत हेंच काम एकानें मराठींत करून ठेविलें आहे. तें त्याच्या हातीं पोंचलें पाहिजे, आणि तें काव्य म्हणून नव्हे, तर शास्त्र म्हणून.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. ख्रिस्ती घराण्यांत जुनें बाड मिळाल्यास ओव्यांचीं पानें तेवढीं निवडून बाकीचीं टाकूं नयेत. दहा आज्ञांचें टिपण, कबुलीपूर्वीं स्वतःस विचारावयाच्या प्रश्नांची यादी, विवाहाच्या नात्यांचा तक्ता, समासांतील एखादा बदललेला शब्द, हींच त्या मूक पाठशाळेचीं साधनें आहेत. ओवी सुंदर असल्यानें ती कोणीतरी जपलीच असती. हीं पानें मात्र आपण न जपल्यास कोणी जपणार नाहीं.