जीआयचा अर्ज म्हणजे पिकाचा इतिहास नव्हे

मसाला पिकाच्या आर्थिक इतिहासावर काम करायचं ठरलं की बरेच विद्यार्थी आधी भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा अर्ज शोधतात. मीही तेच केलं. आमच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला २०१६-१७ मध्ये हे मानांकन मिळालं.

असा अर्ज उपयोगाचा असतोच. पिकाचं क्षेत्र, नकाशा, उगमाचे पुरावे, उत्पादनाची पद्धत, सगळं एका जागी मिळतं. पण तो लिहिला जातो कशासाठी? आमची मिरची वेगळी आहे, हे सिद्ध करायला. १९९९ च्या कायद्याखालच्या या अर्जात माणसाच्या खास कौशल्याची नोंद होऊ शकते. मजुरी कोणाला किती मिळाली, याचा रकाना नाही.

त्यामुळे दोन गोष्टी निसटतात.

पहिली म्हणजे पाणी. समजा, ओल्या लाल मिरचीत ७५ टक्के पाणी आहे. म्हणजे १०० किलोत कोरडा भाग २५ किलो. ११ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली तर साधारण २८ किलो उरते, १४ टक्क्यांवर थांबलात तर २९. म्हणून क्विंटलचा जुना भाव सापडला तरी ओलावा कळल्याशिवाय दोन वर्षांची तुलना कच्चीच राहते. आणि वाळत घातलेली मिरची पावसात भिजली तर तो तोटा शेतकऱ्याचाच.

दुसरी म्हणजे देठ. भिवापूर-पवनी पट्ट्यात मिरचीचे देठ खुडण्याच्या जागेला सातरा म्हणतात. तिथे बहुतेक बायाच बसतात, मजुरी किलोवर. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात 'प्रक्रिया उद्योग' म्हणजे फक्त तिखटाची गिरणी होती. गाईडनी एवढंच विचारलं, "देठ कोण काढतं?" माझी सख्खी मावशी तीन हंगाम सातऱ्यावर गेली होती. रात्री तिच्या हातांची आग व्हायची, जेवतासुद्धा यायचं नाही. तरी माझ्या मसुद्यात ती कुठेच नव्हती, कारण मी अर्जाचेच रकाने माझे प्रश्न म्हणून उचलले होते.

तेव्हा अर्ज जरूर वाचा, पण तो कोणी आणि कशासाठी लिहिला हे आधी टिपून ठेवा. सोबत बाजार समितीच्या आवकेच्या नोंदी, व्यापाऱ्यांच्या वह्या आणि मजुरांच्या मुलाखती घ्या. आणि सिनॉप्सिसमध्ये 'प्रक्रिया' हा शब्द लिहिलात तर त्यात कोणकोणती कामं येतात, ती कोण करतं, याची यादी गाईडकडे जाण्याआधीच करा.